जाळीमागचा तुकडा

२००६च्या ऑक्टोबरात कार्डिफमधल्या आमच्या घराच्या दर्शनी फळ्या बदलायला काढल्या. कुजलेल्या फळ्या उतरवायच्याच आहेत, तर मागे थंडी अडवणारं इन्सुलेशनही घालून घेऊ, हा हट्ट माझा. परांची पुन्हा पुन्हा कोण बांधणार? फोमचे जाड तक्ते भिंतीला लागले, त्यावर नव्या फळ्या चढल्या. सासू-सासरे राहायचे त्या खालच्या खोलीच्या भिंतीतलं वीतभर भोक मात्र गॅरेथ बिल्डरने उघडंच ठेवलं आणि आतबाहेर जाळी लावली. तिथल्या खोली तापवणाऱ्या जुन्या गॅस फायरला हवा लागते, नाहीतर विषारी वायू साठतो, असं त्याने मला दोनदा बजावलं.

शनिवारी दुपारी सासरे स्वयंपाकघरात चहाला एकटेच आले. नागपूरला पीडब्ल्यूडीत उभी नोकरी केलेली. दुसऱ्याच्या कामात त्यांना खोट दिसायचीच.

"बाबा, आई कुठे आहेत?"

"पडलीय. सकाळपासून डोकं धरलंय, मळमळतंय म्हणते. फायर लावून दिलाय." मग ते खुशीत म्हणाले, "देवयानी, खोली कशी तापते बघ आता! काल आतली जाळी काढून त्या भोकात उरलेला फोम ठोकून बसवला. जाळी परत लावली. कुणाला पत्ता लागायचा नाही!"

मी कप टाकून धावले. खोली छान उबदार होती. आई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या.

"आई! अहो आई!" हलवलं तर मान लुळी पडली. मी फायर बंद केला आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागले. दारात त्या अडकल्या.

"बाबा, पाय धरा!"

"अगं, पण झालं काय?"

"गॅस कोंडलाय! पाय धरा म्हणते ना!" सासऱ्यांवर मी पहिल्यांदाच ओरडले.

आईंना ओल्या गवतावर निजवलं. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ९९९ला फोनवर पत्ता सांगताना मला पोस्टकोड आठवेना. ती येईपर्यंत मी त्यांच्या नाकाशी हात धरून बसले. श्वास लागायचा, मग लागायचा नाही. इतकी भीती मला बाळंतपणातही वाटली नव्हती.

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर बऱ्याच वेळाने आईंनी डोळे उघडले. "थंडी वाजतेय गं," म्हणाल्या. मी ढसाढसा रडले.

पॅरामेडिक बाई मी सांगितलेलं कागदावर भरत होती. "व्हेंट कुणी बंद केला?" तिने त्या भोकाबद्दल इंग्रजीत विचारलं.

पंधरा दिवस जेवताना मीच कुरकुरत होते, एवढा खटाटोप करून त्या भोकातून वारा येतोच आहे म्हणून. ते भोक कशासाठी, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माय फॉल्ट," ते म्हणाले. "ओन्ली माय फॉल्ट."

आणि मी गप्प राहिले.