दोघी राजमाता

माझ्या धनिणीचं, ऐनोर राणीचं, लग्न मोडलं ते काही भांडणावरून नाही. सहा वर्षं संसार झाला, पदरात मुलगा आला, आणि मग बिशपमंडळींना शोध लागला की राजा एवरार आणि ती एकमेकांची लांबची भाऊबहीण लागतात. दोघांचे खापरपणजे सख्खे भाऊ होते. हे लग्नाच्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. याच बिशपांनी त्या लग्नात वेदीसमोर आशीर्वाद दिले होते आणि नंतर हंसाच्या मांसावर ताव मारला होता. पण आता राजाला उत्तरेकडच्या फ्लँडर्सशी सोयरीक हवी होती, तेव्हा खापरपणजे कामाला आले.

मी रेमोंद. ऐनोरबरोबर लिमोजहून पॅरिसला आले होते, तिच्याबरोबरच तिथून निघाले. तिचा मुलगा तिबो तेव्हा तीन वर्षांचा होता. तो राजाचा वारस, म्हणून वाड्यातच राहिला. निघायच्या सकाळी तो दाईच्या कडेवर झोपलेला होता. ऐनोर म्हणाली, "उठवू नका. उठला तर मला जाता यायचं नाही."

वाल-क्लेरच्या मठात आम्ही राहिलो. तिने जोगिणीचे कपडे काही घातले नाहीत, पण थोरल्या मठमाउलीचे डोळे गेले तशी मठाची शेतं, द्राक्षमळे, गिरण्या सगळं हळूहळू हिच्याच हाताखाली आलं. पाटाच्या पाण्यावरून भांडणारे शेतकरी मैलोन्‌मैल चालत हिच्याकडे निवाड्याला येत. तिबोबद्दल ती बोलत नसे. पॅरिसहून कुणी लोकर विकायला आला की मी त्याला स्वयंपाकघरात नेऊन सूप पाजायची आणि सगळं काढून घ्यायची. नवी राणी सिबिल फ्लँडर्सहून आली, तिला दोन मुली झाल्या, तिबो घोड्यावर बसायला लागला. मी हे ऐनोरला शिवणटिपण करताना सांगायची. ती मान खाली घालून ऐकायची आणि सुईत दोरा ओवायला फार वेळ लावायची.

आठ वर्षं अशी गेली. मग द्राक्षं काढणीच्या दिवसांत राजा शिकारीत घोड्यावरून पडला आणि त्यातच गेला.

बातमीपाठोपाठ सरदार एंजरां मठात आला. दिसायला भारदस्त, आवाज मऊ. खाली वाकून म्हणाला, "राणीसाहेब."

"आठ वर्षांत पहिल्यांदा ऐकतेय हा शब्द," ऐनोर म्हणाली. "बसा. काय काम काढलंत?"

"आपला मुलगा राजा होणार. पण तो अकरा वर्षांचा आहे. तो मोठा होईपर्यंत कारभार कुणी बघायचा? त्या फ्लँडर्सवालीने? पोटची आई जिवंत असताना सावत्र आई त्याच्या डोक्यावर बसणार, हे आम्हा सरदारांना बघवत नाही."

"माझं लग्न मोडलं त्या सभेत तुम्ही दुसऱ्या बाकावर बसला होतात. तेव्हा बरं बघवलं."

"तेव्हा राजाची मर्जी होती."

"आणि आता?"

"आता मर्जी आपली," तो हसून म्हणाला. मग मुद्द्यावर आला. ती पॅरिसला येऊन मुलावर हक्क सांगेल, तर त्याची माणसं तिच्या पाठीशी उभी राहतील. बदल्यात ओआज नदीवरचे दोन किल्ले त्याला मिळावेत.

तो गेल्यावर मी म्हटलं, "देऊन टाका किल्ले. आपल्याला काय करायचेत?"

"किल्ले दिले की त्या नदीवरून येणारं प्रत्येक धान्याचं गलबत त्याच्या तावडीत," ती म्हणाली. "त्याला मी नकोय रेमोंद, त्याला भांडण हवंय. दोन बायका भांडत राहिल्या की तो मधल्यामध्ये मोठा होईल." मग म्हणाली, "पण मला तिबोला बघायचंय. पेटी भर."

सीन नदीतल्या बेटावरचा राजवाडा होता तसाच होता. पुलावर कुणी अडवलं नाही. सिबिल राणी दिवाणखान्यात उभी होती, सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत. मी मनात तिची जी मूर्ती केली होती तशी ती नव्हती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, रडून नाक लाल झालेली. शेजारी तिबो. तो अगदी ऐनोरच्या भुवया घेऊन उभा होता.

"तिबो," ऐनोर म्हणाली.

मुलाने शिकवल्यासारखी मान झुकवली. "मठातल्या राणीसाहेब आपणच का? प्रवास नीट झाला?"

"नीट झाला."

तो सिबिलच्या बाहीला हात लावून हळूच म्हणाला, "आई, मी जाऊ? माझा ससाणा सकाळपासून उपाशी आहे."

सिबिल दचकून ऐनोरकडे बघायला लागली. ऐनोरनेच मान हलवली, तेव्हा तो पळाला.

"मी शिकवलेलं नाही हे," सिबिल म्हणाली. तिच्या बोलण्यात फ्लँडर्सचा हेल तसाच होता. "पहिलं वर्षभर तो मला काहीच म्हणत नव्हता. मी हाक मारली की दाराकडे बघायचा. जेवताना दाराकडे, निजताना दाराकडे. मग एकदा त्याला गोवर आला, तेव्हा तापात म्हणाला. ताप उतरल्यावरही म्हणत राहिला. मी काय त्याच्या तोंडावर हात ठेवायचा होता?"

"नाही," ऐनोर म्हणाली. ती बाकावर बसली. मी पाठीमागे उभी राहिले, पण तिने टेकायला हात मागितला नाही.

सिबिलने बाहीने नाक पुसलं आणि एकदम ताठ झाली. "तुम्ही त्याला न्यायला आलायत हे मला माहीत आहे. एंजरां सरदाराच्या धाकट्या भावाने सांगितलं. तो म्हणत होता, पुलावर माणसं उभी करतो, तुम्हाला आत पाऊल टाकू देत नाही. मीच नको म्हटलं."

"का नको म्हटलंत?"

"दाराकडे बघणारं पोर मी पाहिलंय. तुम्ही दारात आलात तर परत पाठवायचं कसं?"

ऐनोरने विचारलं, "त्या धाकट्या भावाने तुमच्याकडे काय मागितलं?"

"ओआज नदीवरचे दोन किल्ले. का हो?"

"थोरल्याने माझ्याकडे तेच दोन मागितलेत."

सिबिलला कळायला क्षणभर लागलं. मग तिचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही जिंकलात काय नि मी जिंकले काय..."

"किल्ले त्यांच्याच घरात."

"बसा," सिबिल म्हणाली, जरी ऐनोर बसलेलीच होती. मग स्वतः तिच्या शेजारी बसली आणि दासीला गरम द्राक्षारस आणायला सांगितला.

आम्ही राहिलो. नदीकडच्या दोन खोल्या मिळाल्या. तिबो रोज दुपारी येई, सिबिलने पाठवलेला असे हे उघड होतं. मधाच्या वड्या अदबीने खाई आणि ससाण्याबद्दल बोले. एकदा वडी हातातच ठेवून त्याने विचारलं, "तुम्ही मला भेटायला का आला नाहीत?"

"येऊ देत नव्हते."

"विचारलं होतं?"

मला वाटलं, आता ही काहीतरी गोड सांगेल. पण ती म्हणाली, "पहिली दोन वर्षं विचारत होते. प्रत्येक वेळी नाही आलं. मग विचारणं सोडलं. नाही ऐकायचं बळ संपलं होतं."

तिबोने विचार केला. "माझंही संपलं होतं," तो म्हणाला. "पण मी लहान होतो." आणि वडी खाल्ली.

त्या संध्याकाळी ऐनोर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती सिबिलकडे गेली आणि मला दाराशी बसायला सांगितलं.

"मुलगा तुझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती सिबिलला 'तू' म्हणत होती. "त्याचं जेवणखाण, शिक्षण, आजारपण, सगळं तुझं. राज्याची मोहोर माझ्याकडे दे, कारभार मी बघते."

सिबिल म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही उलटं मागाल."

"मलाही वाटलं होतं. सगळी वाट मी उलटंच घोकत आले."

"मग?"

"त्याला इथून उपटून नेला तर तो पुन्हा दाराकडे बघत बसेल. फक्त आता तुझी वाट बघत."

सिबिल रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "खरं सांगू, ताई? दरबारात बसलं की माझ्या हातांना घाम फुटतो. मी तोंड उघडलं की ते माझ्या बोलण्याला हसतात."

"माझ्याही हसायचे. दक्षिणेची गावंढळ म्हणायचे. हसू दे. हसताना माणूस लक्ष देत नाही, तेवढ्यात आपलं काम उरकायचं."

राज्याभिषेकाआधी सरदार आणि बिशप मोठ्या दालनात जमले. कुठली राणी येते यावर पैजा लागल्या होत्या म्हणतात. दोघी एकत्र आल्या. सिबिलने ऐनोरचा दंड घट्ट धरला होता, पण बोलली तीच आधी. "एंजरां सरदार, तुम्ही आणि तुमचे बंधू आधी घरी जाऊन ठरवा, किल्ले कुणाला हवेत ते. आम्हा दोघींकडे वेगवेगळं मागून चुकामूक व्हायची."

दालनात खसखस पिकली. एंजरां भिंतीवरच्या पडद्याकडे बघू लागला. त्याचा धाकटा भाऊ मात्र त्याच्याकडेच बघत राहिला.

मग सर्वांत वयस्कर बिशप उठला. "या बाईंचा विवाह धर्मसभेने रद्द ठरवला आहे. त्या राणी नाहीत. मग राज्याची मोहोर त्यांच्या हाती कोणत्या नात्याने?"

ऐनोर शांतपणे म्हणाली, "बिशपमहाराज, मी राजाची बायको नाही हे तुम्ही ठरवलंत. मुलाची आई नाही हे ठरवायचं तुमच्याकडून राहून गेलं. आणि तुमच्याच निवाड्याप्रमाणे मी राजाची बहीण लागते. म्हणजे या मुलाची मी आत्याही झाले. आई म्हणून चालत नसेन तर आत्या म्हणून बसते. की तेही नातं आता नाही म्हणायचं?"

बहीण नाही म्हणावं तर जुना निवाडा खोटा पडत होता. बिशप खाली बसला. त्यानंतर कुणी उठलं नाही.

रॅंस शहरात अभिषेक झाला तेव्हा तिबोच्या एका बाजूला सिबिल आणि दुसऱ्या बाजूला ऐनोर बसली होती. मुकुट मोठा होत होता. तो घसरायला लागला की सिबिल हात पुढे करी, आणि ऐनोर मात्र हात मांडीवर घट्ट धरून बसे.

त्यानंतरची वर्षं ओढगस्तीची होती, पण बरी गेली. दोन हंगाम पिकं कुजवणारा पाऊस पडला, तेव्हा ऐनोरने ओआजवरून धान्य आणवलं. किल्ले हातातून गेले असते तर ते आलं नसतं. सिबिलच्या वडिलांनी नातींच्या वाटणीच्या नावाखाली सरहद्दीवर सैन्य आणून उभं केलं, तेव्हा सरदार चिलखतं घासायला लागले. सिबिल म्हणाली, "थांबा, मी बघते बाबांकडे." दोन्ही मुलींना घेऊन ती थेट त्यांच्या तंबूत गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने कधी सांगितलं नाही. म्हातारा नातींना मांडीवर घेऊन जेवला आणि सैन्य परत गेलं, एवढं खरं. परतल्यावर ती दोन दिवस झोपून होती.

तिबो वयात आला आणि ऐनोरने मोहोर त्याच्या हातात दिली. त्याने राहायचा आग्रह केला. ती म्हणाली, "दोन मालक असलेल्या घरात नोकरांची चंगळ होते," आणि ऑर्लेआंजवळच्या एका लहान घरात आम्ही आलो. तो तिला शेवटपर्यंत राणीसाहेबच म्हणत राहिला. तिने कधी दुसरं काही मागितलं नाही. मला मात्र ते टोचायचं, आणि एकदा मी बोललेही. ती म्हणाली, "तो अडचणीत असला की आधी कुणाकडे येतो ते बघ. तोंडाने काय म्हणतो ते सिबिलला असू दे."

त्याची बायको पहिल्यांदा बाळंत व्हायची होती, तेव्हा तो स्वतः घोड्यावरून आला, चिखलाने माखलेला.

"आईने तुम्हाला बोलावलंय," तो म्हणाला.

"आईने बोलावलंय की तू?"

तो घोड्याचं खोगीर सैल करत राहिला. "मी बोलावतोय. मला भीती वाटतेय."

आम्ही तशाच निघालो. वाड्याच्या पायऱ्यांवर सिबिल उभी होती. ती आता चांगलीच जाड झाली होती आणि श्वास लागत होता. "किती उशीर, ताई. दाई काल सकाळपासून येऊन बसलीय, पोरगी घाबरलीय, आणि मी काही बोलले की माझ्या बोलण्याला हसतेय."

"हसतेय ना? मग ती बरी आहे," ऐनोर म्हणाली आणि बाह्या वर सारत आत गेली.

मुलगी झाली. ठणठणीत. बाळाला घट्ट गुंडाळायचं की सैल, यावर दोघींचं जे सुरू झालं ते तास-दीड तास चाललं. दक्षिणेत असं करतात, उत्तरेत तसं करतात. शेवटी दाईने दोघींना खोलीबाहेर काढलं. मग नावाचा विषय निघाला. सिबिल म्हणाली, ऐनोरच ठेवा. ऐनोर म्हणाली, छे, सिबिल ठेवा, वाढवलं कुणी? तिबो एकीकडून दुसरीकडे बघत होता.

तेवढ्यात आतून सुनेचा निरोप आला. तिने मुलीचं नाव ठेवलंसुद्धा होतं. स्वतःच्या आईचं.

ऐनोर हसायला लागली, आणि तिला हसताना बघून सिबिलही.