म्हातारी गप्प झाली तेव्हा

खाणीवरच्या जनरेटरला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारी खोकायची, काळा धूर सोडायची, डिझेल कमी पडलं की रुसायची. पण तिची घरघर कानावर असली की माणसं निर्धास्त असत. घाटात टँकर अडकला की घरघर अडखळायची आणि मग थांबायची. ते ज्याला पहिल्यांदा जाणवेल त्याने हाताशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर घण हाणायचा, असा तिथला शिरस्ता होता. तो ठणठणाट पाइपातून थेट खालच्या थरापर्यंत पोचायचा. मग पाळणेवाले मामा माणसं-माल वरखाली नेणाऱ्या लोखंडी पाळण्याचा ब्रेक ओढायचे, दगड फोडणाऱ्या यंत्रावरची माणसं हात झटकून बाजूला व्हायची आणि खाली पाणी उपसणाऱ्या पंपावरचा माणूस व्हॉल्व्ह आवळायचा. इतक्या वर्षांत हे सगळ्यांच्या अंगात असं भिनलं होतं की झोपेतून उठवलं तरी कोणी चुकला नसता.

आता मात्र समोरच्या उतारावर सौर पट्ट्यांच्या रांगा चमकत होत्या आणि शेडमध्ये कपाटाएवढ्या बॅटऱ्या ओळीने उभ्या होत्या. हे सगळं जोडून घेतलं होतं खाणीच्या वायरमन बाईंनी. पंपवाल्याची बायको म्हणून सगळे त्यांना लाइटवाल्या वहिनी म्हणत. आज त्यांची परीक्षा होती. एक अख्खी शिफ्ट म्हातारीला बंद ठेवून पाळणा, यंत्र, पंप सगळं चालवून दाखवायचं. जमलं नाही तर कंपनी खालचा थर बंद करणार होती. पंपाचा भरवसा नसेल तर तिथे माणसं उतरवायची तरी कशी? आणि थर बंद झाला की पंपवाल्याची बदली दोन डोंगरांपलीकडच्या खाणीत. तिथे तो आधी एकदा राहून आला होता. लेक रांगत असताना गेला, आणि परत आला तेव्हा ती दारामागे लपून विचारत होती, "आई, हे काका कोण?"

सकाळी निघताना तो बायकोला म्हणाला, "आज माझं नशीब तुझ्या हातात."

"ते लग्नापासूनच आहे. डबा घ्या."

खाटेवर बसलेले सासरे हसले आणि देवाचं नाव घेत पुन्हा काहीतरी गुणगुणू लागले.

शेडमध्ये मोठ्या कचेरीतून आलेल्या तपासनीस मॅडम विजेचा भार दाखवणाऱ्या काट्यांवर नजर लावून बसल्या होत्या. वहिनींनी मनातल्या मनात हात जोडले आणि म्हातारीला बंद केलं. घरघर थांबली. दिवे तसेच. काटा तसाच. वहिनींनी श्वास सोडला, तोच बाहेरून ठण! ठण! ठण!

पाळणा थांबला, यंत्र थांबलं, खालचा पंपही थांबला. काटा धाडकन खाली आला.

"वीज गेली?" मॅडम उठल्याच.

"वीज आहे हो! माणसांनी हात सोडले!" वहिनी धावतच पाळण्याच्या खोलीत गेल्या. "मामा, डोक्यावरचा दिवा बघा की, जळतोय!"

"दिसतोय गं."

"मग घण कशाला हाणलात?"

"म्हातारी गप्प झाली ना," मामा ओशाळून म्हणाले. "हातच गेला."

तेवढ्यात खालून फोन. "काय झालं वर? मी व्हॉल्व्ह बंद केलाय."

"उघडा तो! सकाळी सगळ्यांना उभं करून समजावलं होतं ना मी?"

"समजावलं होतंस. मी तर मानही डोलावली होती."

पुन्हा सगळं सुरू झालं. थोडा वेळ बरा गेला. मग यंत्रावरच्या कोणाला तरी ती शांतता सहन झाली नाही आणि पुन्हा ठणठणाट.

"तो रुळाचा तुकडाच काढून ठेवला तर?" मॅडमनी विचारलं.

"नको. खरंच काही झालं तर खाली कळवायला पहिलं तेच लागतं."

मॅडम माणूस म्हणून चांगल्या होत्या, पण नियमाच्या पक्क्या. "बाई, आता पंप पुन्हा थांबला तर मला नापास लिहावं लागेल. कारण मला कळतंय. पण खालचं पाणी कारण विचारत नाही."

वहिनी शेडच्या दारात उभ्या राहिल्या. वारा होता, पाखरं होती, आणि त्या सगळ्यामागे नुसती पोकळी. त्यांचे स्वतःचे कानही म्हातारीला शोधत होते. एवढा जन्म घरघर ऐकलेल्या कानांना डोळ्यांचं ऐका म्हणून कसं सांगायचं? कानांना काहीतरी द्यायलाच हवं, आणि तेही शिफ्ट संपेपर्यंत न थांबणारं. अंगणातले आणि खालच्या थरातले सूचना देणारे भोंगे याच विजेवर चालत होते; त्यांतून आवाज येतोय तोवर वीज आहे. आता न थांबणारं काय आणायचं?

मग त्या एकदम हसल्या आणि घराकडे पळत सुटल्या.

"मामंजी, चला."

"कुठे?"

"गायला."

सासऱ्यांनी सुनेकडे निरखून पाहिलं. सुट्टीच्या दिवशी ते देवाच्या गोष्टी गाऊन सांगत, आणि एकदा सुरू झाले की राजा महालातून बाहेर पडेपर्यंत निम्मे श्रोते घरी जेवून परत येत. "कालच तू म्हणालीस, मामंजी, आवरा आता."

"आज आवरू नका. पाया पडते, आज कुठेच आवरू नका."

साक्षात देव दारात उभा राहून 'माग' म्हणाला असता, तरी म्हाताऱ्याचा चेहरा इतका उजळला नसता.

मामंजी शेडमधल्या माइकसमोर बसले. भोंग्यातून आधी खाकरणं आलं, मग आवाज. एक आंधळी भक्तीण होती. रोज देवापुढे दिवा लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, अहो, दिवा जळतोय ना? वारं जरा सुटलं की हिचा जीव टांगणीला. शेवटी देवच म्हणाला, अगं, विचारतेस कोणाला?

"हात धर ज्योतीपाशी, देव आहे तुझ्यापाशी!" मामंजींनी बोटांनी टेबलावर ठेका धरला. "काय हो पाळणेवाले? तो घण खाली ठेवा आणि माझ्यामागे म्हणा!"

मामांनी घण ठेवला. यंत्रावरचे म्हणू लागले, खालचे म्हणू लागले. पाळणा वर आला की त्यातली माणसं चरण गातच बाहेर पडत. काटा आपल्या जागी ठाम होता. दुपारी ढग आले, पट्ट्यांवर सावली पसरली, बॅटऱ्यांनी भार अलगद उचलला, आणि ते मॅडमशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आणि नेमका तेव्हाच मामंजींना ठसका लागला.

भोंगा गप्प. अंगणात सगळ्यांच्या माना वर झाल्या. पाळण्याच्या खोलीच्या काचेतून वहिनींना दिसलं, मामांचा एक हात ब्रेकच्या दांड्यावर होता आणि दुसरा घणाकडे निघाला होता. त्यांनी माइक ओढला. गाणं त्यांनी जन्मात म्हटलं नव्हतं. पाळण्यातली लेकसुद्धा त्यांच्या अंगाईने जागी व्हायची.

"हाऽऽत धर ज्योतीपाशी..."

सूर एकीकडे, ठेका दुसरीकडे. क्षणभर सगळे थक्क झाले आणि मग अख्ख्या खाणीवर हशा पिकला. मामांनी घणाकडे गेलेला हात पोटावर धरला. खालून फोन वाजला, "अगं, पंपालासुद्धा हसू येतंय, पण चालू आहे हो!" मामंजींनी पाणी प्यायलं, डोळे पुसले आणि माइक परत घेतला. "देवाला सगळे सूर चालतात," ते म्हणाले, "पुढे ऐका."

शिफ्ट संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा मॅडमनी काट्यांवरून शेवटची नजर फिरवली आणि हात पुढे केला. "पास. खालचा थर चालू राहील. तुमच्या यजमानांना सांगा, बॅग भरू नका."

वहिनींनी फोन उचलला, आधी नुसत्या रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "या वर. घरीच राहायचंय."

पलीकडून नवरा म्हणाला, "येतो. पण बाबांना थांबवू नकोस. इथे सगळे हटून बसलेत. त्या भक्तिणीचं पुढे काय झालं ते ऐकल्याशिवाय पाळण्यात पाय ठेवणार नाही म्हणतात."

वहिनींनी वळून पाहिलं. मॅडमची जीप अंगणात कधीची सुरू होती. आणि मॅडम मामंजींसमोर स्टूल ओढून बसत होत्या.