थोरलीची पुढारीण

आमच्या भिंतीपलीकडे दोन जावा राहतात. गाव त्यांना थोरली आणि धाकटी म्हणतं. मी लोकर कातते, माझं चाक खिडकीशी आहे, त्यामुळे त्या घरातलं भांडण मला भांड्यांच्या आदळआपटीसकट ऐकू येतं.

त्या वर्षी भांडणाचं मूळ होतं वरचं कुरण. पूर्वी ज्याला वाटेल तो तिथे मेंढ्या नेई. डोंगर बोडका झाला, झरा आटला, आणि एका पावसात उताराची माती आमच्या दारात येऊन बसली. मग गावानंच ठरवलं, गवताचं बी पिकून पडेपर्यंत कुरणात कुणाचं जनावर जायचं नाही. दगडी बांध घातला, फाटकाला लाकडी अडसर लावला, राखण थोरलीकडे दिली. हळूहळू झरा परत आला, लोकर सुधारली, माझ्या चाकालाही काम मिळालं. कुरण कधी उघडायचं ते थोरली सांगे. लोंबी तळहातावर चोळायची. बी हातात सुटलं की पिकलं. अडसर काढणाऱ्याचा कळप आधी आत जाई. थोरलीची म्हातारी मेंढी मागचा एक पाय ओढत सगळ्यांच्या पुढे चाले, म्हणून तिचं नावच पुढारीण पडलं.

त्या वर्षी बैठकीत कुणीतरी म्हणालं, राखण फिरती ठेवू. हात वर झाले ते धाकटीसाठी. त्यात थोरलीच्या नवऱ्याचाही होता.

"घरचा भेदी मेला," थोरली माझ्या उंबऱ्यावर बसून म्हणाली. "अगं, ही लग्न होऊन आली तेव्हा मेंढीला दावणीला बांधायला निघाली होती! लोंबी चोळायला मी शिकवलं. आता मलाच सांगते, 'जाऊबाई, अजून थांबू.'"

"मग थांब की."

"का थांबू? पिकलंय ते. मला इथून दिसतंय."

तिथून धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. पण पोटात दुखणाऱ्याला ओवा कोण देणार? धाकटीनं बांधाचे निखळलेले दगड लावले, तर ही म्हणाली, "दाखवायला करते." नसते लावले तर म्हणाली असती, "लक्ष कुठाय हिचं?" बायका आता कुरणाचं विचारायला धाकटीच्या चुलीशी बसायच्या, आणि थोरली पलीकडच्या खोलीत उगाच डबे घासत राहायची.

शेवटी एका सकाळी ती कळप घेऊन बाहेरच्या उतारानं वर गेली. पिकलेली लोंबी आणायची, चारचौघांत चोळायची आणि धाकटीचं नाक ठेचायचं, असा बेत. हे तिनं मला नंतर सांगितलं.

अडसर तिनं स्वतःपुरता काढला. वाकून लोंबी चोळली, बी सुटेना. दुसरी घेतली, तीही हिरवी. धाकटीचं खरं होतं. तिला ते इतकं झोंबलं की ती तिसरी चोळत बसली, आणि तेवढ्यात पुढारीण तिला ढुशी देऊन आत गेली. मागोमाग अख्खा कळप. मेंढीचं काय चुकलं? या बाईनं अडसर काढला की आत जायचं, एवढंच तिला जन्मभर शिकवलेलं.

ओरडून, काठी आपटून तिनं कळप बाहेर काढला, तोवर झऱ्याकडचा पट्टा मुळापर्यंत खाऊन झाला होता. अडसर लावून ती गुपचूप घरी आली.

लोकरीच्या कोठारात बैठक बसली. नियम सगळ्यांना पाठ होता. ज्याचा कळप बंद कुरणात शिरेल, तो त्या हंगामात सगळ्यांच्या शेवटी. चोर सापडला नाही तर राखणदाराचा कळप शेवटी. शेवटच्याला खुंट उरतात. थोरलीच्या मेंढ्या बहुतेक म्हाताऱ्या. खुंटांवर त्या तगल्या नसत्या, काही विकाव्या लागल्या असत्या. पहिली पुढारीण.

धाकटी उभी राहिली. पट्टा तिनं पाहिला होता, आणि चिखलात ओढलेल्या पायाची खूणही. ती थोरलीकडे बघत नव्हती, यावरूनच मला कळलं.

"राखण माझी होती," ती म्हणाली. "माझा कळप शेवटी जाईल."

झालं होतं की थोरलीच्या मनासारखं! गप्प बसली असती तर झाकली मूठ राहिली असती. पण तिचाच नवरा हळूच म्हणाला, "मन मोठं आहे हो पोरीचं."

"मोठं मन?" थोरली ताडकन उठली. "खाल्लं माझ्या मेंढ्यांनी, आणि मोठं मन हिचं?"

कोठारातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. आपण काय बोललो ते तिला मग कळलं. ती लालबुंद झाली, पण खाली बसली नाही. "माझा कळप शेवटी. दुसऱ्याची शिक्षा कशाला हवी हिला?"

कुरण उघडायच्या दिवशी सगळे फाटकाशी जमले. थोरली सर्वांत मागे, पुढारिणीच्या मानेला मिठी मारून. ती म्हातारी अडसर बघून नुसती ओढत होती, ओरडत होती. धाकटी लोंबी घेऊन मागे आली.

"जाऊबाई, बघा ना एकदा."

थोरलीनं चोळली. तळहात बियांनी भरला. "कालच पिकलं होतं," ती म्हणाली.

धाकटी हसली नाही. "हिला सोडा माझ्यासोबत. नियम कळपाला आहे, एकट्या मेंढीला नाही. आणि हिच्याशिवाय माझ्या मेंढ्या आत पाऊल टाकणार नाहीत."

कुणीच हरकत घेतली नाही. थोरलीचे हात मात्र सुटेनात. पुढारीण खुंटांवर जगणार नाही, हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिनं तिच्या कानामागे खाजवलं आणि हात काढले.

पाय ओढत पुढारीण गर्दीतून थेट फाटकापाशी गेली. धाकटीनं अडसर काढला. म्हातारी आत शिरली, मागून धाकटीचा कळप.

"बघितलंस?" थोरली मला म्हणाली. डोळे भरलेले, मुठीत बी तसंच. "मागे वळूनसुद्धा बघितलं नाही मेलीनं."