देव्हाऱ्यातला न वाचलेला कागद

मित्रांनो, डोंबिवलीच्या सरोजताईंच्या हृदयात बसवलेली मी एक झडप आहे. वय अवघं दोन महिने. तरी पोटात राग मावत नाही, म्हणून बोलते.

माझा सांगाडा थंडीत मिटतो आणि अंगाच्या उबेत आपोआप फुलतो. ठाण्याच्या इस्पितळात मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळीने मला आत नेलं. माझ्या बहिणीला, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या झडपेला, फुग्याने फुगवून बसवतात. पण सरोजताईंची जुनी झडप चुना साचून दगड झालेली, वाट चिंचोळी. तिथे फुग्याने कड फाटण्याची भीती होती. म्हणून डॉक्टरांनी मला निवडलं. माझाही धोका त्यांनी झाकला नाही. माझ्या दाबाने कधी ठोके चालवणारी शेजारची विजेची वाट अडते, ठोके मंदावतात, मग पेसमेकर लागतो. निघताना कागदावर ठळक लिहून दिलं, ‘भोवळ आली तर त्याच क्षणी फोन करा.’

घरच्यांनी काय करावं? कागदाला हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात पोथीखाली ठेवला. वाचला कुणीच नाही!

नवव्या दिवशी संकष्टी आली. दुपारी सरोजताईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या शीलावहिनी म्हणाल्या, “अहो, उपासाची भोवळ ती! लिंबूपाणी घ्या नि चंद्रोदयापर्यंत पडा जरा.”

“बाप्पा आहे गं,” सरोजताई पुटपुटल्या.

इकडे ठोके अडखळत होते. मला तोंड असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं!

चंद्रोदयाला सरोजताई आरतीला उभ्या राहिल्या नि तबकासकट कोसळल्या. “डॉक्टरांचा नंबर कुठाय?” म्हणत सुनेने, उर्वीने, पोथी उचलली. कागद उघडला आणि तिचा चेहराच उतरला. शीळफाट्याच्या गर्दीत रुग्णवाहिका रखडली. देवाची कृपा, वेळेत पोचली. पेसमेकर बसला, सरोजताई वाचल्या.

भेटायला आलेल्या शीलावहिनी म्हणतात कशा, “तरी मी म्हणत होते, दुसरी झडप घ्यायची!”

“वहिनी, पुरे!” उर्वी कडाडली. “त्या झडपेची दुखणी वेगळी. हिची लिहून दिलेली, आपणच वाचली नाहीत.”

परवाच्या संकष्टीला सरोजताईंनी चष्मा लावला, आधी तो कागद मोठ्याने वाचला, मग आरती म्हटली.

मित्रांनो, आम्हा झडपांत निर्दोष कुणी नाही. म्हणून तर आमचे दोष लिहून देतात. देवापुढे हात जरूर जोडा. पण त्या अक्षरांवर कुंकू टाकण्याआधी ती वाचा!