शिवणीतली माया

सगळा घोळ 'सोडणे' या एका क्रियापदानं घातला. आत्याचा फोन आला तेव्हा थोरली कामाला निघायच्या गडबडीत होती आणि सहज बोलून गेली, "आत्ताच बाबांना सोडून आले." पोराला शाळेत सोडतात तसं तिनं बापाला वृद्धांच्या दिवसकेंद्रात सोडलं होतं आणि संध्याकाळी परत आणायचं होतं. आत्यानं अर्धं ऐकलं, उरलेलं पदरचं घातलं, आणि दुपारपर्यंत नातेवाइकांत बोभाटा झाला की लेकीनं बापाला सोडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकटा भाऊ बॅग घेऊन दारात हजर.

धाकटा दुसऱ्या शहरात मोठा साहेब होता. अंगावर नवा कोट, हातात फोन, आणि बापावरचं सगळं प्रेम त्या फोनमध्ये. रविवारी फोन करायचा, बाबा जेवले का विचारायचा आणि ताईनं काय काय करायला हवं ते सांगून ठेवून द्यायचा. आता त्यानं बुटाची नाडीही न सोडता हुकूम काढला. उद्या तो केंद्रात जाऊन बाबांचं नाव काढणार होता, आणि ताईनं नोकरी सोडून घरी बसायचं होतं.

"लोक तोंडात शेण घालतायत," तो म्हणाला. "तू बाबांची माया सोडलीस, ताई."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माया म्हणे! आई गेल्यापासून बाबा तिच्याकडे होते. बाबा जन्मभर कटिंग मास्तर. डोक्यातलं एकेक पुसलं जाऊ लागलं, तरी हाताला कात्रीची सवय होतीच. घरात दिवसभर रिकामे बसले की कात्री शोधायचे. एकदा पडदे कापून त्यांनी कुणाच्या तरी विजारी बेतल्या होत्या. मग थोरली दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जायला लागली. जिना उतरताना आतून दार वाजवल्याचा आवाज यायचा. तो आवाज फोनवर कुणाला ऐकू गेला नव्हता.

तिचं काम कवळ्या घडवण्याचं. मेणात एकेक दात बसवायचा, आणि तो केसभर हलला तरी समोरच्याला घास चावत नाही. कुलूप लावून आलेल्या हातांनी ते कसं जमणार? एका बाईंची कवळी तिनं अशी बसवली, की बाई हसल्या की रडतायत असं वाटायचं. मालकानं शेवटची ताकीद दिली आणि तेव्हा कुठे ती केंद्राच्या पायऱ्या चढली.

सुरुवातीला बाबा तिचा हात सोडत नव्हते. मग केंद्रातल्या नर्सबाईंनी त्यांना खिडकीजवळ लांब टेबल दिलं, जुन्या चादरी, खडू आणि बोथट टोकाची कात्री दिली. जेवताना सगळ्यांच्या गळ्यात बांधायचे रुमाल मास्तर बेतू लागले. एक निवृत्त पोस्टमास्तर रोज माप द्यायला उभे राहायचे, कारण काल दिलेलं माप त्यांनाही आठवत नसे. दोघांचं झकास जमलं होतं. संध्याकाळी बाबा कामावरून आल्यासारखे दमून येत, पोटभर जेवत आणि गाढ झोपत. थोरलीही झोपत होती. झोप म्हणजे काय असते हे ती विसरूनच गेली होती.

यातलं काही तिनं भावाला सांगितलं नाही. गयावया करायचा तिला कंटाळा आला होता.

"नाव काढायच्या आधी उद्याचा एक दिवस तू सांभाळ," ती म्हणाली. "मी कामाला जाते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं दार उघडलं, तर धाकटा फरशीवर उकिडवा बसला होता आणि भोवती त्याचा कोट पसरला होता. बाही एकीकडे, अस्तर एकीकडे, कॉलर खुर्चीखाली. आतल्या खोलीचं दार लावून तो फोनवर ऑफिसच्या मीटिंगला बसला होता. बाबा झोपलेत अशी त्याची समजूत. बाबांनी आईची जुनी कात्री हुडकून कोट शिवणीशिवणीनं उसवला होता. मग धाकट्यानं आरडाओरडा करून कात्री हिसकावली होती. बाबा पलंगाच्या कडेला अंग चोरून बसले होते. पायजमा ओला होता आणि जेवणाचं ताट तसंच झाकलेलं होतं.

थोरलीनं आधी बापाचे कपडे बदलले. रागाच्या भरात नाडी करकचून आवळली, मग परत सैल केली.

"अख्खा कोट गेला," धाकटा म्हणाला. "वेड लागलंय यांना."

बाबांनी मान वर केली. घाबरलेल्या चेहऱ्यावर एकदम जुना मास्तर आला.

"कुणी शिवलाय हा?" त्यांनी विचारलं. "आत माया सोडलेलीच नाही, साहेब. अगदी काठावर शिवण मारलीय. माणूस वाकतो, सुटतो. माया सोडली नाही तर एक दिवस काखेत टर्रकन फाटतं, आणि बोल शिंप्याला लागतो."

शिवणीच्या आत राखलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी माया म्हणतात. कटिंग मास्तरची दोन्ही पोरं त्या कापडावर खेळून वाढली होती. धाकट्याला ते सांगावं लागलं नाही. तो हातातल्या बाहीकडे बघत बसला.

"मी माझ्या दिवसाला चार बोटं माया सोडली," थोरली म्हणाली. "बाबांच्याही दिवसाला सोडली. तेवढीसुद्धा तुम्हाला बघवली नाही."

सकाळी बाबांना केंद्रात न्यायला धाकटा आपणहून तयार होऊन बसला. कोटाचे तुकडे पिशवीत भरून बाबांनी बरोबर घेतले. पोस्टमास्तर दारातच उभे होते.

"काल दुकान बंद का, मास्तर?"

"घरी एक अडाणी गिऱ्हाईक आलं होतं," बाबा म्हणाले आणि मागे वळूनही न बघता आपल्या टेबलाकडे गेले.

धाकटा तिथेच उभा राहिला. थोरलीला वाटलं होतं की आता राग निवेल. पण तो उलट वाढला. एका दिवसात कळण्यासारखं होतं, मग त्यानं इतकी वर्षं ते कळून का घेतलं नाही?

फाटकाशी पोचतात तोच आत्याचा फोन आला.

"हो आत्या," धाकटा म्हणाला, "आत्ताच बाबांना सोडून आलो."

बोलून तो थबकला. पलीकडून आत्याचा आवाज असा चढला, की थोरलीला शब्दन् शब्द ऐकू आला. लेकीनं सोडलं ते सोडलं, आता लेकानंही सोडलं. धाकट्यानं फोन कानापासून लांब धरला आणि ताईपुढे केला.

तिनं तो घेतला नाही.

"आता तूच सांग तिला," ती म्हणाली आणि कामाच्या वाटेला लागली.