शिक्के पुसणारा ग्लास

हॉल खचाखच भरला होता. टाय लावलेले, कडक इस्त्रीचे, पदव्यांची भेंडोळी बाळगणारे सगळे रांगेत उभे होते. आणि कशासाठी? तर एका ग्लासात थुंकण्यासाठी!

मंचावर पांढऱ्या कोटातले जनुकगुरू गरजत होते. "आतड्यांची सूज आतड्यांत नसतेच मुळी! ती असते तुमच्या आरएनएवर बसलेल्या मिथाइलच्या शिक्क्यांत. आईकडून आलेले शिक्के! माझे थेंब ते पुसून टाकतात."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मिथाइल म्हणजे काय, असं त्यातल्या एकाला विचारलं असतं तर त-त-प-प झालं असतं.

रांगेत सगळ्यात पुढे माझा दादा. चांगला इंजिनिअर, पण अक्कल गहाण टाकलेला. शेजारी पांढरीफटक पडलेली वहिनी. आतड्यांचा हा आजार तिच्या आईलाही होता. गुरूंनी "हॉस्पिटलच्या गोळ्या बंद" म्हटलं आणि दादाने त्या सरळ कचऱ्यात टाकल्या.

"पहिल्या तपासणीत पाणी निळंच राहिलं होतं," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "आज बघ तू."

वहिनीने साध्या पाण्याने चूळ भरली आणि ग्लासातल्या निळ्या पाण्यात थुंकली. गुरूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. बोलता बोलता पाणी नितळ झालं.

"शिक्के पुसले!"

दादाचे डोळे भरून आले. माझं मात्र डोकं फिरलं. मी शाळेत विज्ञान शिकवते. हा खेळ माझी पोरं वर्गात करतात!

मी तडक नव्या पेशंटांच्या रांगेत घुसले. मदतनीस बाईंनी चूळ भरायला 'शुद्धिजल' दिलं. हुंगलं, तर व्हिनेगर. वा रे शुद्धी! कप बाजूला ठेवला, माझ्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि थुंकले.

"या ताईंचे शिक्के फार जुने..." गुरूंचं प्रवचन संपेपर्यंत पाणी नितळ!

"गुरुजी, मी तुमचा एक थेंब घेतलेला नाही. माझे शिक्के कोणी पुसले?"

"तुमची जनुकं... मुळातच शुद्ध..."

"बरं. वहिनी, तू ये. या कपातलं तोंडात धर आणि त्याच्यासकट नव्या ग्लासात थुंक."

तिने तसं केलं. सगळे माना उंचावून बघत राहिले. निळं ते निळंच.

"पाण्यात पिठाची पेज आणि आयोडीन आहे," मी म्हणाले. "म्हणून ते निळं. लाळ पीठ पचवते आणि रंग जातो. कोणाचीही लाळ! तोंड आंबट असलं की तिचं काम अडतं. पहिल्या तपासणीला व्हिनेगरची चूळ, पुढच्या तपासणीला साध्या पाण्याची, झाला चमत्कार! आरएनएवर खुणा असतात, आजाराचा धोका वारशाने येऊ शकतो, हे खरं. पण त्या खुणा ग्लासात दिसतात होय?"

दादा उसळला. "पण मघाशी रंग गेलाच ना हिचा!"

"अहो, ग्लासातला निळा गेला," वहिनी हळूच म्हणाली. "संडासातला लाल कुठे गेलाय? रोज रक्त पडतंय. शंका घेतली तर शिक्के परत बसतात, असं गुरुजी म्हणाले होते. म्हणून बोलले नाही."

दादाने गर्रकन मंचाकडे वळून पाहिलं. गुरू मागच्या दाराने पसार झाले होते.

आम्ही तिला तसंच हॉस्पिटलात नेलं. आणखी उशीर केला असता तर आतडं कापावं लागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले आणि दादाकडे बघून त्यांनी कोपरापासून हात जोडले.

शास्त्रातले शब्द पोपटासारखे म्हटले म्हणून कोणी शास्त्रज्ञ होत नाही. उद्या कोणी असा ग्लास पुढे केला तर विचारा, औषध न घेतलेला माणूस यात थुंकला तर काय होतं? आणि घरातल्या आजारी माणसालाही विचारा, बाई गं, तुला कसं वाटतंय? आमच्या दादाने सगळं त्या ग्लासाला विचारलं, बायकोला एकदाही नाही.