बाबांचं गिऱ्हाईक

विजेची लहर पडद्यावर दाखवणारे ऑसिलोस्कोप दुरुस्त करण्यात बाबांचं आयुष्य गेलं. आता त्यांना आईचं नावही आठवत नव्हतं. म्हणून मी जुन्या बाजारातून एक बंद ऑसिलोस्कोप विकत आणून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी झाकण उघडलं, फुगलेला कपॅसिटर बोटानं चाचपला आणि सोल्डरिंगचं सामान मागितलं. हात जराही थरथरला नाही. दुपारपर्यंत पडद्यावर हिरवी रेघ उमटली. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती.

"बाबा, जमलं की तुम्हाला," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घेऊन जा साहेब. सांभाळून वापरा, जुनं मशीन आहे."

मी तो उचलून खाली गाडीत ठेवला. बराच वेळ वर जायचा धीर होईना.

पुढच्या रविवारी दुसरा बंद ऑसिलोस्कोप घेऊन गेलो. दारातूनच विचारलं, "काका, एवढं बघून देता का?"